बाहेरचा व्ह्यूअर टाकू का नको? (सेकंड लाइफ, पण रोब्लॉक्सवाल्यांनीही वाचा)

पायताणवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर. दिवसा एका दुकानाचे हिशेब बघते आणि रात्री सेकंड लाइफमध्ये, म्हणजे अवतार घेऊन फिरायच्या ऑनलाइन आभासी जगात, स्वतःचं दुकान चालवते. माल तीनच प्रकारचा: कोल्हापुरी पायताण, नऊवारी आणि साज-ठुशी. सगळं ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये स्वतः केलेलं. गिऱ्हाईक बहुतेक परदेशातलं. रंकाळा कुठं आहे ते त्यांना माहीत नाही, पण करकर वाजणारं पायताण त्यांना पाहिजेच असतं. (आवाजाची स्क्रिप्ट वेगळी विकते, ती जास्त खपते!)

आता अडचण. लॅपटॉप जुना आहे. पीबीआर मटेरियल (वस्तूंना खरी चकाकी देणारी सोय) आल्यापासून अधिकृत व्ह्यूअर, म्हणजे ज्या प्रोग्रॅममधून ते जग बघायचं तो, गर्दीच्या ठिकाणी रांगतो आणि पंखा असा ओरडतो की घरातले उठतात. भाच्यानं डिस्कॉर्ड या चॅट ॲपवरून एक व्ह्यूअर आणलाय. नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात नको. त्याचं म्हणणं, "मावशी, फ्रेम दुप्पट होतात आणि त्यात एक्सपोर्टचं बटण हाय, समोर दिसंल ती वस्तू सेव्ह हुती." फाइल पासवर्ड असलेली रार (दाबून बांधलेलं गाठोडं) आहे आणि बसवताना विंडोज डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) बंद करा असं सोबतच्या सूचनेत लिहिलंय.

अजून टाकलेला नाही. टाकू का?

---

सर्व्हिसवाला

ताई, नको.

राजारामपुरीत माझं रिपेअरिंगचं काउंटर आहे, तिथनं बोलतोय. डिफेंडर बंद करा म्हणणारा प्रोग्रॅम म्हणजे चोरानं निरोप धाडावा, रात्री येतोय, तेवढं कुत्रं बांधून ठेवा. आणि रारला पासवर्ड का, ते पण बघा. पासवर्ड असला की डिस्कॉर्डला, ड्राइव्हला, अँटिव्हायरसला, कुणालाच आत बघता येत नाही. तुम्ही हातानं पासवर्ड टाकून उघडता तेव्हाच आतलं बाहेर येतं. प्रामाणिक माणसाला आपला फुकटचा प्रोग्रॅम कुलपात घालून वाटायची काय गरज?

---

कोथरूडस्थित_करवीरकर

सर्व्हिसवालाशी त्या फाइलपुरता शंभर टक्के सहमत. पण धाग्याचं शीर्षक वाचून कुणी "बाहेरचे व्ह्यूअर म्हणजे व्हायरस" असा अर्थ काढू नये म्हणून लिहितोय.

लिंडन लॅबनं, म्हणजे सेकंड लाइफच्या कंपनीनं, जानेवारी २००७ मध्ये आपल्या व्ह्यूअरचा सोर्स कोड स्वतःहून खुला केला. म्हणजे दुसऱ्यांनी व्ह्यूअर बनवणं ही चोरवाट नव्हे, कंपनीनंच उघडलेला रस्ता आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यावर नियमावली आली आणि नियम पाळतो असं सांगणाऱ्या व्ह्यूअरांची यादीही. फायरस्टॉर्म त्या यादीत आहे आणि जुने रहिवासी बहुतेक तोच वापरतात. फोटो काढणारे ब्लॅक ड्रॅगन घेतात, जुन्या मशीनवाले कूल व्हीएल व्ह्यूअर.

तेव्हा पायताणवाली, प्रश्न "बाहेरचा का आतला" हा नाही. यादीतला का यादीबाहेरचा, हा आहे.

---

जुनाजाणता_अवतार

यादीत असला म्हणजे झालं का? कोथरूडकर, एमराल्डची गोष्ट तुम्हाला माहीत नसावी किंवा तुम्ही तेव्हा नसाल. सविस्तर लिहितो, कारण या धाग्याचं निम्मं उत्तर तिच्यात आहे.

२०१० साली एमराल्ड हा सगळ्यांत लाडका बाहेरचा व्ह्यूअर होता. सोयी भरपूर, कंपनीच्या यादीत नाव, मदतीला मोठा गट. कुणीही नव्या माणसाला डोळे झाकून सुचवावा असा. त्या ऑगस्टमध्ये उघडकीला आलं की त्याच्या लॉगिनच्या पानात लपवून काही भलतंच घातलंय. व्ह्यूअर उघडला की पासवर्ड टाकायच्या आधी मागं जे पान दिसतं, बातम्या, चित्रं वगैरे, ते खरं तर एक वेबपान असतं आणि ते व्ह्यूअर बनवणाऱ्यांच्या सर्व्हरवरून येतं. त्या पानात त्यांच्यावर टीका करणाऱ्या एका माणसाच्या साइटच्या फायली अदृश्यपणे लोड होतील अशी सोय केली होती. म्हणजे जो कुणी एमराल्ड उघडेल त्याचा कॉम्प्युटर नकळत त्या साइटवर जाऊन धडकणार. हजारो लोक रोज लॉगिन करायचे. आपण कुणाच्या भांडणात काठी धरून उभे आहोत याचा एकालाही पत्ता नाही.

पुढची गोष्ट जास्त वाईट. टेक्श्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) उलगडण्यासाठी त्यांनी एक बंद लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, सोबत जोडली होती, तिचा कोड कुणाला दिसत नव्हता. ती लायब्ररी अवताराच्या भाजलेल्या (कातडी-कपडे एकत्र करून केलेल्या) टेक्श्चरमध्ये व्ह्यूअर कुठल्या फोल्डरात बसवलाय त्याचा पत्ता गुप्त करून घुसडत होती. फोल्डरच्या पत्त्यात पुष्कळदा माणसाचं विंडोजचं नाव असतं आणि ते नाव पुष्कळदा खरं असतं. तुमचा अवतार ज्याला ज्याला दिसला त्याच्याकडं ते टेक्श्चर पोचलं.

लिंडन लॅबनं आधी यादीतून काढला आणि सप्टेंबर २०१० मध्ये एमराल्डनं लॉगिन करणंच बंद केलं.

आता मुद्दा. लॉगिनच्या पानातला तो घोळ डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये नव्हताच. फाइल तुम्ही शंभर स्कॅनरांतून काढली असती तरी काही सापडलं नसतं. पान त्यांच्या सर्व्हरवर होतं, त्यांच्या मनाला आलं तेव्हा त्यांनी बदललं. म्हणून "टाकताना नीट तपासला होता" याला फार अर्थ नाही. ती माणसं उद्या काय करतील, हे रोज तुमच्या मशीनवर चालत असतं.

---

तांबडापांढरा

लय भारी माहिती. पण जाणते, ओपन सोर्स असेल तर कुणी ना कुणी कोड वाचतंच की. मग भीती कशाची?

---

जुनाजाणता_अवतार

वाचतात, पण वाचलेला कोड आणि तुम्ही उतरवलेली एक्झी (चालवायची तयार फाइल) एकच आहे हे कुणी बघितलंय? गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) स्वच्छ कोड ठेवायचा आणि डाउनलोडला दुसरीच एक्झी द्यायची, याला अडवणारं काही नसतं. एमराल्डचाही कोड खुला होता. नेमकी ती एक लायब्ररी बंद होती.

---

कोथरूडस्थित_करवीरकर

मान्य. यादीबद्दल मीच थोडी भर घालतो. लिंडन लॅब त्या यादीतले व्ह्यूअर तपासून प्रमाणपत्र देत नाही. बनवणारे स्वतःच लिहून देतात की आम्ही नियम पाळतो. कंपनी हमी घेत नाही, वापरणाऱ्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर, हे तिथं स्पष्ट लिहिलेलं आहे.

पण मग माझा उलटा सवाल. एमराल्ड बुडाल्यावर त्यातलेच काही लोक बाहेर पडले, त्यांनी फीनिक्स काढला आणि त्यातूनच पुढं फायरस्टॉर्म आला. तोच आज सगळे वापरतात. जाणत्यांच्या हिशेबानं तोही टाकू नये का?

---

जुनाजाणता_अवतार

मी स्वतः फायरस्टॉर्मच वापरतो. इतकी वर्षं उघडपणे काम, नावानिशी नाही तरी ओळखीनं उभी असलेली माणसं, नोंदणी केलेली संस्था, जुन्या आवृत्त्या वेळच्या वेळी बंद करण्याची शिस्त. विश्वास ठेवायला कारणं आहेत. डिस्कॉर्डवरच्या त्या रारमागं कोण आहे? टोपणनाव आणि कार्टूनचं चित्र.

---

पायताणवाली

एवढं वाचून फाइल उडवली. भाचा रुसलाय, रुसू दे.

पण आता झोप उडाली ती वेगळ्याच कारणानं. ते एक्सपोर्टचं बटण. म्हणजे कुणीही माझ्या दुकानात येऊन माझं पायताण उचलून नेऊ शकतं? मी तर मालावर कुठं नो कॉपी, कुठं नो ट्रान्सफर लावलंय.

---

मेशमिस्त्री

ताई, इथं नीट समजून घ्या, कारण पुष्कळ विक्रेत्यांचा यात गैरसमज असतो.

नो कॉपी, नो ट्रान्सफर हे सर्व्हरवरचे नियम आहेत. नो ट्रान्सफर असेल तर गिऱ्हाइकाच्या इन्व्हेंटरीतून (खात्यातल्या सामानातून) ती वस्तू दुसऱ्याला देता येत नाही, नो कॉपी असेल तर तिची प्रत काढता येत नाही. हे नियम पक्के आहेत. पण पायताण गिऱ्हाइकाच्या पडद्यावर दिसायचं असेल तर त्याची मेश (थ्रीडी आकार) आणि टेक्श्चर त्याच्या मशीनपर्यंत पोचायलाच लागतात. ग्राफिक कार्डाला कच्चा माल दिल्याशिवाय ते चित्र काढणार कसं? जे मशीनपर्यंत आलं ते उचलून फाइलमध्ये ठेवणं हे क्लायंटच्या, म्हणजे व्ह्यूअरच्या, हातात असतं. सभ्य क्लायंट ते करत नाही, चोरटा करतो. एवढाच फरक. आतल्या स्क्रिप्ट मात्र सर्व्हरवर चालतात, त्या गिऱ्हाइकाकडं येतच नाहीत. म्हणून तुमचा करकर आवाज चोरीला गेला तरी ती वाजवणारी स्क्रिप्ट जात नाही. तुम्ही स्क्रिप्ट वेगळी विकता हे नकळत चांगलं केलंय.

हे नवं नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये वस्तूंच्या नकला काढणारा कॉपीबॉट निघाला तेव्हा दुकानदारांनी निषेध म्हणून दुकानं बंद ठेवली होती. लिंडन लॅबनं तेव्हा जाहीर केलं की असं साधन वापरणं हा नियमभंग आहे. आजच्या नियमावलीत तर सरळ अट आहे: व्ह्यूअरला एक्सपोर्टची सोय द्यायची असेल तर ती वस्तू वापरणाऱ्यानंच बनवलेली आहे हे आधी तपासलं पाहिजे. म्हणून फायरस्टॉर्ममधून स्वतःच्या कामाचा बॅकअप घेता येतो, शेजाऱ्याच्या मालाचा नाही. भाच्यानं आणलेल्या व्ह्यूअरला "दिसेल ते सेव्ह" हे बटण असेल तर तो नुसता धोक्याचा नाही, तो टाकून लॉगिन केलं की तुमचं खातंच जाण्याचा रस्ता आहे. खातं गेलं म्हणजे दुकान, इन्व्हेंटरी, साठलेले लिंडन डॉलर (तिथलं चलन), सगळं.

चोरी सापडलीच तर लिंडन लॅबकडं डीएमसीएखाली (अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याखाली) तक्रार करता येते. त्यासाठी ब्लेंडरच्या मूळ फायली तारखांसकट जपून ठेवा.

---

तांबडापांढरा

२०२५ च्या जूनमध्ये प्राडानं मिलानमध्ये आपलं पायताण नाव न घेता रॅम्पवर चालवलं. २०१९ पासून जीआय टॅग आहे, कोल्हापूर-सांगली-सातारा-सोलापूर आणि पलीकडं कर्नाटकातले चार जिल्हे, तरीबी. आता आभासी पायताणाला पण तोच भोग. ताई, जीआयवाल्यांना विचारा मेशला चालतो का. 😀

---

पायताणवाली

हसू नका रे, अंगठ्याच्या वेणीच्या एका मेशला मला आख्खा पावसाळा गेलाय.

---

आईसाहेब_कळंबा

विषय थोडा बाजूला नेते, राग मानू नका. माझा मुलगा १३ वर्षांचा. रोब्लॉक्स खेळतो. वर्गातल्या पोरांनी त्याला "एक्झिक्युटर" म्हणून काहीतरी दिलंय, त्यानं म्हणे खेळात उडता येतं आणि पैसे वाढतात. सर्व्हिसवाले दादांनी लिहिलेलं वाचून पोटात गोळा आला, कारण त्यातही अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं होतं आणि त्यानं केलंही. आता त्याचं खातं त्याला उघडत नाही.

---

सर्व्हिसवाला

वहिनी, घाबरू नका, पण उशीर करू नका. माझ्याकडं सुट्टीत येणाऱ्या मशीन बघितल्या तर हाच प्रकार असतो. खेळ वेगळा, बाकी सगळं तेच.

काय होतं ते सांगतो. लॉगिन केलं की ब्राउझरमध्ये एक कुकी राहते. ती कुकी ज्याच्याकडं, त्याला पासवर्ड लागत नाही, ओटीपी पण लागत नाही, तो थेट आत. रोब्लॉक्सनं त्या कुकीच्या सुरुवातीलाच इंग्रजीत इशारा लिहून ठेवलाय की ही कुणाला देऊ नका, दिली तर तो तुमच्या नावानं आत शिरेल. पोरगं कशाला देईल? ते आणलेलं सॉफ्टवेअर गुपचूप नेतं. आणि एकट्या रोब्लॉक्सची नेत नाही, त्या ब्राउझरमध्ये जे जे उघडं असेल त्या सगळ्यांची नेतं. तुमचं मेल त्याच लॅपटॉपवर आहे का? नेटबँकिंग?

आत्ता करायचं ते असं. त्या लॅपटॉपचं वायफाय बंद. मोबाइलवरून, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून, आधी मेलचा पासवर्ड बदला आणि "सगळीकडून लॉगआउट" करा. मग बँकेचा. मग रोब्लॉक्सच्या मदत पानावर खातं परत मिळवायला अर्ज. लॅपटॉपवरून यातलं काही करू नका, नाहीतर नवा पासवर्ड पण तिकडंच जाईल. नंतर फोटो-कागदपत्रं काढून घेऊन विंडोज नवं टाकायचं. नुसता स्कॅन मारून "सापडलं नाही" यावर मी तरी विसंबत नाही.

बँकेतनं पैसे गेले असतील तर १९३० ला लगेच फोन. पैसे गेले नसले तरी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवता येते.

आणि पोराला मारू नका. मारलं तर पुढच्या वेळी सांगणार नाही.

---

आईसाहेब_कळंबा

नेटबँकिंग ह्यांच्या लॅपटॉपवर आहे, हा वेगळा. मेल मात्र त्याच्यावरच होतं. बदलते. खूप आभार.

---

मेशमिस्त्री

आईसाहेब, त्याच्या मित्रांच्या आयांनाही कळवा, कारण चोरलेल्या खात्यावरून पुढची फाइल मित्रांनाच जाते. माइनक्राफ्टमध्ये २०२३ च्या जूनमध्ये फ्रॅक्चरायझर नावाच्या व्हायरसचं प्रकरण झालं. कर्सफोर्ज आणि बुकिट या नावाजलेल्या जागांवरच्याच मॉडमध्ये (खेळात बाहेरून घालायच्या भरीत) ते घुसलं होतं. ब्राउझरच्या कुकी, डिस्कॉर्डचं आणि खेळाचं टोकन (कुकीसारखीच लॉगिनची खूण), सगळं उपसायचं. कुणी क्रिप्टोचा पत्ता कॉपी केला तर पेस्ट होताना चोराचा पत्ता यायचा. नावाजलेल्या दुकानातसुद्धा एकदा असं होतं, मग गल्लीबोळातल्या लिंकचं काय सांगायचं.

---

कानसेन

मला सगळ्यांचं पटतंय आणि तरी थोडं खुपतंय, म्हणून लिहितो.

मला ऐकू कमी येतं. व्हीआरचॅट या दुसऱ्या आभासी जगात मी आणि माझ्यासारखे काहीजण मॉड वापरायचो. काही मॉड बोलणं अक्षरात दाखवायचे, काही मेन्यू सोपे करायचे. जुलै २०२२ मध्ये कंपनीनं ईझी अँटी-चीट (बदललेला क्लायंट अडवणारा प्रोग्रॅम) बसवलं आणि सगळेच मॉड एका दिवसात गेले. त्रास देणाऱ्यांचे गेले आणि आमचेही गेले. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावर लोकांनी वाईट शेऱ्यांचा पाऊस पाडला. कंपनीनं नंतर काही सोयी स्वतः द्यायला सुरुवात केली, पण त्या आधी का नव्हत्या?

सेकंड लाइफमध्ये उलट चित्र आहे. रॅडेगास्ट म्हणून अक्षरी क्लायंट आहे, चित्राशिवाय चालतो. अंध लोक तो स्क्रीन रीडरवर वापरतात. अधिकृत व्ह्यूअरनं त्यांना कधी विचारलं होतं? तेव्हा "बाहेरचं नको" हे डोळे-कान शाबूत असणाऱ्यांना म्हणायला सोपं आहे.

---

जुनाजाणता_अवतार

कानसेन, बरोबर बोललात. रॅडेगास्ट माझ्या लक्षातच आला नाही. दार खुलं ठेवून नियम घालणं हे सगळं दारच बंद करण्यापेक्षा बरं, असं माझंही मत आहे. सेकंड लाइफनं एमराल्डनंतरही दार बंद केलं नाही, हे त्यांच्या बाजूनं मांडायलाच पाहिजे.

---

कोथरूडस्थित_करवीरकर

+१.

पायताणवाली, तुमच्या मूळ दुखण्याकडं कुणी बघितलंच नाही. लॅपटॉप रांगतो, त्यावर उपाय: ड्रॉ डिस्टन्स (किती लांबचं दिसावं ते) ६४ मीटरवर आणा. एका रीजनची (तिथल्या जमिनीच्या चौकोनाची) बाजूच २५६ मीटर असते, दुकानात बसून चार रीजन बघायची गरज नाही. सावल्या बंद. अवतारांची कॉम्प्लेक्सिटी मर्यादा खाली ओढा, म्हणजे गर्दीतले भारी अवतार सपाट आकृत्या दिसतील. पंखा निम्मा तरी गप्प होईल. तरी नाही भागलं तर कूल व्हीएल, पण त्यांच्याच साइटवरून. गुगलवर वर "जाहिरात" लिहिलेली लिंक दाबू नका, नकली साइट तिथंच बसतात.

आणि दुहेरी पडताळणी चालू करा. खात्याला कार्ड जोडलंय ना? व्ह्यूअरमधूनच लिंडन डॉलर विकत घेता येतात आणि परदेशी व्यवहाराला ओटीपी येईलच असं नाही. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादा कमी करून ठेवा.

---

सर्व्हिसवाला

ताई, एक विचारायचं राहिलं. ती फाइल तुम्ही टाकली नाही. भाच्यानं त्याच्या पीसीवर टाकलीय का? आणि त्याच्या पीसीवरून तुम्ही कधी तुमचं खातं उघडलंय का?

---

पायताणवाली

त्याला फोन केला. टाकलीय. आणि दिवाळीत त्याच्याकडं गेले होते तेव्हा मार्केटप्लेसची (सेकंड लाइफच्या वेब बाजाराची) ऑर्डर तिथूनच बघितली होती.

---

सर्व्हिसवाला

मग आत्ता मोबाइलवरून पासवर्ड बदला. हे वाचायचं थांबवा आणि बदला.

---

पायताणवाली

बदलला. दुहेरी पडताळणी पण चालू केली. शिल्लक जागेवर आहे, व्यवहारांची यादी बघितली, अनोळखी काही नाही. भाचा उद्या पीसी घेऊन तुमच्या काउंटरवर येतोय. बिल त्याच्या पॉकेटमनीतून घ्या.

---

भाचा_नंबर_वन

मावशी, मी पण इथं सदस्य आहे. सगळं वाचलं. पीसी आणतो दादा, सकाळी किती वाजता उघडता?

आणि ब्लॅक ड्रॅगन चालंल का?

---

कोथरूडस्थित_करवीरकर

तुझ्या मशीनवर चालेल. मावशीच्या नाही.

---

सर्व्हिसवाला

साडेदहाला. चार्जर आण, मागच्या टायमाला विसरला होतास.